फोल्डरवरची 'रीड-ओन्ली' खूण : ही पाटी आहे, कुलूप नव्हे

घरात संगणक येतो तो बहुधा मुलांच्या अभ्यासासाठी. पुढे त्यावर दुकानाची बिले निघू लागतात, मग उधारीची यादी चढते आणि एक दिवस सगळी खतावणीच त्या पेटीत जाऊन बसते. कापडाचा व्यापारी असो, रेडिमेडचा कारखानदार असो, जरीकाम करणारा कारागीर असो की फर्निचरवाला, आज आपल्यापैकी अनेकांच्या घरची हीच स्थिती आहे. वहीच्या जागी संगणक आला याला हरकत नाही. मात्र वही कशी जपायची हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले होते, तसे संगणकातील फोल्डर कसे जपायचे हे कोणी शिकवले नाही.

आमच्या परिचयातील एका कारखानदाराचे उदाहरण देतो. ईदच्या हंगामापूर्वीचे दिवस, माल बाहेर जात होता, उधारी वाढत होती. एका रात्री त्यांनी हिशेबाची फाइल उघडली, नवीन नोंदी केल्या आणि सेव्ह करू लागले, तर संगणक म्हणाला, ही फाइल 'रीड-ओन्ली' आहे. त्यांनी फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले. तेथे 'रीड-ओन्ली' या शब्दापुढे एक भरलेला काळा चौकोन दिसला. त्यांनी तो काढला, 'ओके' म्हटले. पुन्हा पाहिले तर चौकोन जागेवर! पाच-सहा वेळा काढला, पाच-सहा वेळा परत आला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावे लागेल." फॉरमॅट झाले. संगणक साफ झाला आणि त्याबरोबर चार वर्षांची उधारीही साफ झाली. नंतर ते एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन विचारत राहिले, "भाई, तुमच्याकडे आमचे किती निघतात?" काहींनी इमानाने आकडा सांगितला, काहींनी सांगितला नाही.

प्रत्यक्षात व्हायरस नव्हता आणि फोल्डरही बिघडलेला नव्हता. हिशेब पाहणाऱ्या माणसाने ती फाइल ई-मेलने पाठवली होती आणि आमच्या परिचितांनी ती मेलमधूनच उघडली होती. अशी फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते. 'सेव्ह ॲज' करून ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवली असती तर काम अर्ध्या मिनिटात झाले असते. एका चौकोनाचा अर्थ न कळल्यामुळे चार वर्षांचा हिशेब गेला. म्हणून हा अर्थ नीट समजून घेऊ. येथे आम्ही विंडोज असलेल्या संगणकाविषयी लिहीत आहोत, कारण घरोघरी बहुधा तोच आहे.

खूण आली कोठून?

'रीड-ओन्ली' म्हणजे 'फक्त वाचा, लिहू नका'. ही खूण विंडोजच्याही आधीची आहे. १९८० च्या दशकात संगणकावर डॉस नावाची प्रणाली चालत असे. तिच्यात प्रत्येक फाइलच्या नावाबरोबर काही लहान खुणा नोंदवल्या जात. एक खूण 'फक्त वाचा'ची, एक 'लपवलेली'ची, एक 'प्रणालीची फाइल'ची आणि एक 'नक्कल घ्यायची राहिली आहे' अशी. या खुणांना 'ॲट्रिब्यूट' म्हणतात. या चारही खुणा आजच्या विंडोजमध्ये जशाच्या तशा आहेत.

फाइलवर 'फक्त वाचा'ची खूण असली की एक्सेल किंवा वर्डसारखा प्रोग्राम ती फाइल उघडतो, वाचू देतो, पण त्याच नावाने परत सेव्ह करू देत नाही. 'दुसरे नाव द्या' असे सांगतो. चुकून जुना हिशेब बदलला जाऊ नये, एवढाच या खुणेचा उद्देश होय. दुकानात एखाद्या वस्तूवर 'हात लावू नये' अशी पाटी ठेवतात, तशी ही पाटी. जो पाटी वाचतो आणि मानतो, त्याच्यासाठी ती आहे. पाटी उचलून बाजूला ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

फोल्डरच्या बाबतीत अर्थच वेगळा

आता गोंधळाचे मूळ पाहू. फाइलवरच्या खुणेचा जो अर्थ, तोच फोल्डरवरच्या खुणेचा असेल असे आपण धरून चालतो. तसे नाही. विंडोजमध्ये फोल्डरला 'फक्त वाचा'ची खूण असली तरी त्या फोल्डरमध्ये नवी फाइल ठेवता येते, असलेली बदलता येते आणि पुसताही येते. फोल्डर बंद करण्याचे काम ही खूण मुळी करतच नाही.

मग ती असते कशासाठी? विंडोज काही फोल्डरांना वेगळे रूप देते. 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' या फोल्डरांची चित्रे वेगळी असतात. आपणही एखाद्या फोल्डरचे चित्र बदलू शकतो. या बदलाची माहिती त्या फोल्डरमध्येच 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या एका लपवलेल्या फाइलीत लिहिलेली असते. आता प्रत्येक फोल्डर उघडताना अशी फाइल आहे की नाही हे शोधत बसले तर वेळ जातो. म्हणून विंडोज बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. फोल्डरवरची 'फक्त वाचा'ची खूण तशीही बिनकामाची होती. तीच त्यांनी इशारा म्हणून वापरली. खूण असेल तर आत ती माहितीची फाइल पाहा, नसेल तर पाहू नका. म्हणजे फोल्डरवरची ही खूण आपल्यासाठी नसून विंडोजने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली आहे. कोणी ती हट्टाने काढून टाकली तर फार तर त्या फोल्डरचे खास चित्र जाईल, आतील हिशेबाचे काही बिघडणार नाही.

चौकोन परत का येतो?

फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जो भरलेला चौकोन दिसतो, तो फोल्डरवर खूण आहे असे सांगतच नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले असते की हे फक्त फोल्डरमधील फाइलींना लागू आहे. ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत.

या चौकोनाच्या तीन अवस्था आहेत, असे समजा. भरलेला चौकोन म्हणजे 'आतील फाइली जशा आहेत तशा राहू द्या'. रिकामा चौकोन म्हणजे 'आतील सर्व फाइलींवरची खूण काढा'. बरोबरची खूण केलेला चौकोन म्हणजे 'आतील सर्व फाइलींवर खूण लावा'. तेव्हा तो चौकोन सद्य:स्थिती दाखवणारा काटा नसून हुकूम देण्याचे बटण आहे. आपण तो रिकामा करून 'ओके' म्हणतो, विंडोज आतील फाइलींवरच्या खुणा काढते आणि हुकूम पूर्ण होतो. पुन्हा खिडकी उघडली की विंडोज नव्या हुकमाची वाट पाहत असते, म्हणून चौकोन पुन्हा भरलेला दिसतो. अगदी नव्याने बनवलेल्या रिकाम्या फोल्डरवरही तो तसाच दिसतो. खात्री करायची असेल तर आजच एक नवा फोल्डर बनवून पाहावा.

तात्पर्य, चौकोन परत आला म्हणजे व्हायरस आला असे नाही. त्याच्यामागे लागण्यात एक मिनिटही घालवू नये.

एका मिनिटाची परीक्षा

मग फाइल सेव्ह होत नसेल तर दोष कोठे शोधायचा? आधी एक सोपी परीक्षा करावी. ज्या फोल्डरविषयी शंका आहे तो उघडावा, मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबून 'न्यू' आणि त्यात 'टेक्स्ट डॉक्युमेंट' निवडावे. नवी फाइल तयार झाली तर फोल्डर उघडा आहे, दोष त्या एका फाइलीत किंवा ती उघडण्याच्या रीतीत आहे. तयार झाली नाही आणि 'परवानगी नाही' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी हवी' असे उत्तर आले, तर फोल्डरला खरे कुलूप आहे. एवढ्यावरून निम्मा शोध संपतो. बाकीचा शोध पुढीलप्रमाणे घ्यावा.

पहिली गोष्ट, फाइल कोठून उघडली ते पाहावे. मेलमधून थेट उघडलेली किंवा 'झिप' गठ्ठा न सोडता त्याच्या आतूनच उघडलेली फाइल ही तात्पुरती प्रत असते. तिच्यात लिहिलेले टिकत नाही. आधी ती आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी, मग उघडावी.

दुसरी गोष्ट, वर पिवळी पट्टी दिसते का? २०१० च्या आवृत्तीपासून वर्ड आणि एक्सेल बाहेरून आलेली फाइल सावधगिरी म्हणून बंदिस्त अवस्थेत उघडतात. फाइल पाठवणारा ओळखीचा असेल आणि आपण तिची वाट पाहत असाल, तरच पट्टीवरचे 'एनेबल एडिटिंग' दाबावे. अनोळखी माणसाचे 'बिल' आले असेल तर ती पट्टीच आपली राखण करते आहे, हे ध्यानात ठेवावे. तसेच वार्षिक वर्गणी भरून घेतलेल्या ऑफिसची मुदत संपून गेली की काही काळाने त्यात फाइली पाहता येतात, बदलता येत नाहीत. तेथे बिघाड शोधू नये, वर्गणी पाहावी.

तिसरी गोष्ट, ती फाइल आणखी कोठे उघडी आहे का? घरच्या संगणकावरचा फोल्डर दुकानातील संगणकालाही जोडलेला असेल आणि मुलाने तेथे फाइल उघडी ठेवली असेल, तर दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते. दोघांनी एकाच वहीत एकाच वेळी लिहू नये यासाठी ही व्यवस्था आहे. कधी कधी एक्सेल आतल्या आत अडकून पडलेला असतो आणि फाइल धरून ठेवतो. संगणक एकदा बंद करून सुरू केला की बहुधा ही अडचण जाते.

चौथी गोष्ट, खुद्द फाइलीवर खूण आहे का? फोल्डर सोडून त्या फाइलीचे 'प्रॉपर्टीज' पाहावे. फाइलीपुढचा चौकोन मात्र खरे बोलतो. तेथे खूण असेल तर काढावी, ती परत येणार नाही. सीडीवरचे सगळे फक्त वाचण्याजोगे असते. त्यामुळे विंडोज ९८ च्या काळात सीडीवरून उतरवलेल्या फाइली ती खूण घेऊनच डिस्कवर येत. भरतकामाच्या किंवा छपाईच्या नमुन्यांचे जुने संग्रह कारागीर बंधूंकडे आजही त्याच खुणेसह असू शकतात. अशा वेळी फोल्डरचा चौकोन कामी येतो. तो रिकामा करून 'ओके' म्हटले आणि 'आतील सर्व फोल्डर व फाइलींना लागू करा' हा पर्याय घेतला की सर्व नमुने एकदम मोकळे होतात.

पाचवी गोष्ट, पेन ड्राइव्ह किंवा कार्ड. कॅमेऱ्यात वापरतात त्या मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक सरकते बटण असते. ते 'लॉक'कडे सरकले की कार्डावर काही लिहिता येत नाही. मात्र बटण नसलेला पेन ड्राइव्ह अचानक 'राइट प्रोटेक्टेड' म्हणू लागला, तर त्याचे आयुष्य संपत आल्याचे ते लक्षण असू शकते. त्याच्याशी झटापट न करता आतील माल ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्यावा.

हिशेब दोन जागी कसा होतो?

सहावी गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण तिच्यात पैशांचा सवाल आहे. विंडोजमध्ये 'प्रोग्राम फाइल्स' नावाचा एक फोल्डर असतो. प्रोग्राम तेथे राहतात. २००७ साली विंडोज व्हिस्टा घरोघरी आले तेव्हापासून या फोल्डरमध्ये साध्या परवानगीने कोणाला लिहिता येत नाही. पण त्याआधी बनवलेले हिशेबाचे आणि बिलाचे कितीतरी लहान प्रोग्राम आपला डेटा त्याच फोल्डरमध्ये ठेवत. ते एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक सोय केली. असा जुना प्रोग्राम तेथे लिहायला गेला की विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे, त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या 'व्हर्चुअल स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवते. प्रोग्रामला वाटते, लिहिले गेले.

आता असे समजा की संगणकावर मालकाचे एक खाते आहे आणि नोकराचे वेगळे. नोकर आपल्या खात्यातून दिवसभर बिले नोंदवतो, ती त्याच्या स्वतःच्या जागेत साठतात. मालक संध्याकाळी आपल्या खात्यातून तोच प्रोग्राम उघडतात, तर नोंदी नाहीत! नोकर शपथेवर सांगतो की मी लिहिल्या, आणि तो खरेच बोलत असतो. एका प्रोग्रामच्या दोन वह्या झालेल्या असतात. कोणावर संशय घेण्याआधी हे तपासावे. उपाय असा की हिशेबाचा डेटा 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये कधीच ठेवू नये. प्रोग्राममध्ये डेटाची जागा बदलण्याची सोय असेल तर त्यासाठी स्वतंत्र फोल्डर द्यावा. नसेल तर प्रोग्राम देणाऱ्याकडून ते काम करून घ्यावे आणि दोन्ही वह्या एकत्र होईपर्यंत काही पुसू नये.

सातवी गोष्ट, विंडोजचा स्वतःचा पहारेकरी. २०१७ पासून विंडोज १० मध्ये आणि पुढे विंडोज ११ मध्येही अशी एक सोय आहे की अनोळखी प्रोग्रामला 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' अशा फोल्डरांत लिहू द्यायचे नाही. ती आपोआप चालू नसते, पण कोणी चालू केली असेल तर आपला बिलाचा प्रोग्रामही अडवला जाऊ शकतो. तेव्हा कोपऱ्यात बदल अडवल्याची सूचना येते. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' या जागी जाऊन आपल्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी. पहारेकऱ्यालाच घरी पाठवू नये.

आठवी गोष्ट, जुन्या संगणकाची डिस्क. जुना संगणक बंद पडला, त्याची डिस्क नव्याला जोडली आणि फोल्डर उघडेना, असे पुष्कळदा होते. जुन्या संगणकावरील खात्याच्या नावावर ते फोल्डर असते आणि नवा संगणक त्या खात्याला ओळखत नाही. येथे 'रीड-ओन्ली'च्या खुणेचा काही संबंध नाही. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी', त्यात 'ॲडव्हान्स्ड' आणि तेथे 'ओनर' म्हणजे मालक बदलून आपले नाव घातले की मार्ग मोकळा होतो. त्यासाठी आपले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असावे लागते.

पाटीवर विसंबू नका

आतापर्यंत आम्ही असे सांगितले की खुणेला घाबरू नका. आता उलट बाजू सांगतो, खुणेवर भरवसाही ठेवू नका. काही व्यापारी बंधू जुन्या वर्षांच्या फाइलींवर 'रीड-ओन्ली'ची खूण करतात आणि निश्चिंत होतात. ही खूण लहान मूलही दोन क्लिकमध्ये काढू शकते. खूण असलेली फाइल पुसता येते, संगणकाने विचारलेच तर एकदा 'नक्की का?' एवढे विचारील. दुसऱ्या नावाने सेव्ह केलेली प्रत कोणीही हवी तशी बदलू शकतो. आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम असतात, त्यांना तर ही पाटी वाचायचीच नसते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशा प्रोग्रामने जगभरच्या संगणकांना ग्रासले होते. असा प्रोग्राम आपल्याच खात्याच्या अधिकाराने चालतो. जे आपण करू शकतो ते सर्व तो करू शकतो.

जुना हिशेब जपणे ही केवळ सवयीची बाब नाही. जीएसटीच्या २०१७ च्या कायद्यातील कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपले हिशेब, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळले पाहिजेत. त्याखेरीज लोकांचे येणे-देणे त्या फाइलींत आहे. ती एक प्रकारे दुसऱ्यांची अमानतच आपल्या हातात आहे.

खरे कुलूप कोणते?

खरे कुलूप 'प्रॉपर्टीज'च्या 'सिक्युरिटी' या पानावर असते. तेथे कोणते खाते या फोल्डरमध्ये काय करू शकते याची यादी असते. कोणाला सर्व अधिकार, कोणाला बदलण्याचा, कोणाला फक्त वाचण्याचा. ही व्यवस्था 'एनटीएफएस' या डिस्करचनेबरोबर १९९३ साली विंडोज एनटीत आली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरच्या संगणकांतही पोहोचली. पेन ड्राइव्हची रचना बहुधा वेगळी असते, म्हणून तेथे 'सिक्युरिटी'चे पान दिसत नाही आणि असे कुलूपही लावता येत नाही.

पण कुलपाचा उपयोग केव्हा? प्रत्येकाची किल्ली वेगळी असेल तेव्हा. घरातील सर्व जण आणि दुकानातील नोकर एकाच खात्यातून संगणक वापरत असतील तर संगणकाच्या दृष्टीने ते सगळे एकच माणूस. म्हणून पहिले काम असे की मालकाचे खाते पासवर्डसह वेगळे ठेवावे आणि इतरांसाठी साध्या दर्जाचे, म्हणजे 'स्टँडर्ड' प्रकारचे खाते काढावे.

त्यानंतर बंद झालेल्या वर्षांचे हिशेब एका स्वतंत्र फोल्डरमध्ये आणावेत आणि त्यावर कुलूप लावावे. रीत अशी : 'सिक्युरिटी'मध्ये आधी आपले स्वतःचे नाव घालून त्याला 'फुल कंट्रोल' द्यावा. मग 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'डिसेबल इनहेरिटन्स' निवडून असलेले अधिकार तसेच ठेवण्याचा पर्याय घ्यावा. याचा अर्थ, वरच्या फोल्डरचे नियम आता येथे आपोआप उतरणार नाहीत. यादीतील 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' हे नाव काढावे, कारण त्या नावाखाली संगणक वापरणारे सर्वच येतात. 'यूजर्स' हे नाव असेल तर त्याला फक्त वाचण्याचा अधिकार ठेवावा. 'सिस्टम' आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' ही नावे काढू नयेत. आता नोकर जुना हिशेब पाहू शकेल, गिऱ्हाइकाला दाखवू शकेल, पण बदलू किंवा पुसू शकणार नाही.

दोन सूचना मात्र कटाक्षाने पाळाव्यात. हा प्रयोग आधी एखाद्या रिकाम्या फोल्डरवर करून पाहावा. आणि 'डिनाय' म्हणजे 'मनाई' या रकान्यात, विशेषतः 'एव्हरीवन' या नावापुढे, खूण करू नये. 'एव्हरीवन'मध्ये आपणही आलो. दुकानाला बाहेरून कुलूप लावून किल्ली आत ठेवण्यासारखा तो प्रकार होईल.

कुलपापेक्षा नक्कल मोठी

कुलूप माणसांपासून वाचवते. डिस्क जळाली, संगणक चोरीला गेला, घरात पाणी शिरले किंवा दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारले, तर कुलूप काय करणार? तेथे नक्कलच कामी येते. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी हिशेबाचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क ही नक्कल नव्हे, कारण खंडणीखोर प्रोग्राम तिच्यापर्यंतही पोहोचतो. शक्य असेल तर दोन डिस्का आळीपाळीने वापराव्यात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. महिन्यातून एकदा नकलेतील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखी.

दुरुस्तीवाल्याला काय सांगावे?

यापुढे कोणी 'रीड-ओन्ली'चा चौकोन दाखवून फॉरमॅटचा सल्ला देऊ लागला, तर त्याला शांतपणे थांबवावे. आधी एका मिनिटाची परीक्षा करावी. फाइल कोठून उघडली, पिवळी पट्टी आहे का, फाइल इतरत्र उघडी आहे का, हे पाहावे. इतके करूनही फॉरमॅट अटळ ठरले, तर आधी सर्व डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा, तो आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा आणि नंतरच होकार द्यावा. डिस्क आपली आहे, हिशेब आपला आहे, तेव्हा हा आग्रह धरण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आमच्या त्या परिचितांनी आता उधारीची एक वहीही पुन्हा सुरू केली आहे आणि संगणकाची नक्कलही ते नेमाने घेतात. फोल्डरवरचा तो चौकोन आजही भरलेला दिसतो. ते त्याच्याकडे पाहतही नाहीत.